टोक पत्र्याच्या वर

"आयाळ नसलेला घोडा म्हणजे गाढवाचा चुलतभाऊ," आईसाहेब म्हणाल्या. "तसलं ध्यान बागेत उभं करायचं असेल, तर आधी मला पोचवून या."

लेकाने ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर सारला आणि बायकोकडे पाहिलं. बायकोने, म्हणजे आईसाहेबांच्या सुनेने, लेझरच्या मशीनकडे पाहिलं. मशीन बोलून चालून यंत्र, ते कुणाकडे पाहणार? ते आपलं घुमत राहिलं.

कारखान्यात सगळे त्यांना आईसाहेब म्हणत. पाठ वळली की तोफ. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं विचाराल तर दुसरंच जास्त आवडायचं.

भांडण घोड्याच्या आयाळीवरून चाललं होतं, पण मूळ दुखणं वेगळं होतं. बागेतलं घोड्यांचं चक्र आईसाहेबांच्या नवऱ्याच्या हातचं. पाट्यासारखे सपाट लोखंडी घोडे, पाठीवर बसायला फळी, आणि मानेवर बारीक फटी कापून काढलेली आयाळ, वाऱ्यावर उडाल्यासारखी. त्या घोड्यांवर बसलेली पोरं पुढे आपल्या पोरांना घेऊन आली. मग लोखंड गंजलं, एका पोराचा तळवा फाटला आणि बागेच्या साहेबाने चक्राला दोरी बांधली. साहेब माणूस सरळ. म्हणाला, "घोडे नवे करा, स्टेनलेसचे, कधी न गंजणारे. शनिवारी येऊन मी स्वतः हात फिरवून बघेन. एक जरी काटा बोटाला लागला, तर सगळं चक्र भंगारात आणि तिथं प्लास्टिकची घसरगुंडी."

घसरगुंडी! आईसाहेबांना तो शब्द शिवीसारखा लागला होता.

आणि इकडे काटे जात नव्हते. लेझरचा किरण वरून पत्रा कापायचा छान, पण खालच्या कडेला वितळलेल्या धातूची काटेरी झालर लोंबायची. सरळ कडेवरची झालर ग्राइंडरने निघे. आयाळीच्या फटींत मात्र ग्राइंडरची चकतीच शिरत नव्हती. म्हणून लेक म्हणाला होता, की फटी काढूच नयेत, नुसती मान ठेवू.

"कानस घाल फटीत," आईसाहेब म्हणाल्या.

"घातली. एका आयाळीत दोन कानशी बोथट झाल्या. हे पोलाद आहे आई, मुळा नाही."

सून हात पुसत पुढे आली. "आई, एकदा किरणाचा फोकस खाली उतरवून बघू द्या. पत्र्याच्या पोटात, तळाच्या जवळ."

"नाही," लेक म्हणाला. आईच्या आधी तोच म्हणाला.

ह्या 'नाही'ला इतिहास होता. आईसाहेबांचा नवरा गॅसकटरवाला. त्या कटरच्या नाकातून निळी ज्योत निघायची आणि तिच्या पोटात पांढरी टोकदार कळी. ती कळी पत्र्याला टेकवायची नाही, किंचित वर धरायची. टेकली की नाक चोंदतं आणि काप बिघडतो. "टोक पत्र्याच्या वर," तो म्हणायचा. हाताखालच्या प्रत्येकाला त्याने हेच शिकवलं. पुढे पुढे तर ती घरची म्हणच झाली. कुणी जास्त तापला की, "टोक वर घे." दूध उतू जायला लागलं की, "टोक वर!" आईसाहेबांचं आणि त्याचं भांडण जुंपलं की तो दारात उभा राहून हसत म्हणायचा, "बाई, टोक टेकलं हो तुमचं." मग त्या आणखीच पेटायच्या.

तो गेल्यावर लेझर आलं. पहिल्याच दिवशी लेकाने साधं लोखंड लावलं, किरणाचा सगळ्यात बारीक, सगळ्यात तापट बिंदू, ज्याला फोकस म्हणतात तो, पत्र्याच्या जरा वर ठेवला, आणि काप लोण्यासारखा निघाला. "बघ आई, मशीन परदेशी असलं तरी नियम बाबांचाच!" आईसाहेब महिनाभर गल्लीत ताठ मानेने फिरल्या होत्या. मान अशीही ताठच असायची, पण त्या महिन्यात जरा जास्त.

"त्यांचा नियम लोखंडाचा होता," सून आता म्हणत होती. "लोखंड ऑक्सिजनमध्ये स्वतःच जळतं, म्हणून टोक वर असलं तरी चालतं. हे स्टेनलेस जळत नाही, नुसतं वितळतं. वितळलेलं नायट्रोजनच्या झोताने खालून बाहेर हाकलावं लागतं. आपण फोकस वर ठेवतो, मग किरण पत्र्यात शिरता शिरता पसरतो आणि तळाशी त्याचा जीवच उरत नाही. ते वितळलेलं सुटत नाही, तिथंच गोठतं. तोच हा काटा."

"मशीन आलं आणि सुनेला वाचा फुटली," आईसाहेब म्हणाल्या. "ज्या माणसाने ही शेड उभी केली, त्याला आता तू शिकव. फोटोसमोर फळा लाव."

सुनेचा चेहरा पडला. ती उलट बोलली नाही, आणि तेच आईसाहेबांना झोंबलं. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडणात त्या कधी हरल्या नव्हत्या.

त्या शेडमागे जाऊन बसल्या. तिथं बागेतून आणलेले जुने घोडे एकमेकांवर रचून ठेवले होते, गंजाने तांबूस, कान झडलेले. हा वरचा त्यांना चांगला आठवत होता. तेव्हा घरात पत्रा धरायला दुसरं माणूस नव्हतं. नवऱ्याने खडूने घोडा काढला, आणि मानेपाशी थांबून म्हणाला, "जरा केस सोड."

"कशाला? दिवसाढवळ्या?"

"आयाळ काढायची आहे. बघून काढतो."

"घोड्याची आयाळ माझ्या केसांवरून? लाज नाही वाटत?"

पण सोडले होते. दारातून वारा येत होता आणि तो खडू घेऊन एकेक रेघ ओढत होता, सावकाश, जणू दिवस त्याच्या बापाचा होता. मग पत्र्याचं एक टोक तिने दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि त्याने त्या रेघांवरून ज्योत फिरवली. ठिणग्या पायाशी सांडत होत्या. गॅससाठीच्या कार्बाइडचा तो उग्र वास पुढे कित्येक दिवस तिच्या केसांतून गेला नव्हता, आणि तिनेही तो घालवायची फार घाई केली नव्हती.

आणि त्यासोबत दुसराही एक दिवस आठवला, जो त्यांनी आठवायचा नाही असं ठरवलं होतं. एका खानावळवाल्याने स्टेनलेसची पाटी कापायला आणली होती. नवऱ्याने ज्योत लावली, टोक पत्र्याच्या वर, अगदी नियमाने. पाटी लाल झाली, फुगली, वर काळी खरपुडी धरली, पण कापली नाही. तो दिवसभर झटला. ज्योत मोठी केली, लहान केली, शिव्या घातल्या, लाडीगोडी लावली. संध्याकाळी त्या पाटीचा नुसता लगदा झाला होता. ताटावर बसून त्याने घास हातातच ठेवला. "नाही जमलं गं. माझी विद्या लोखंडापुरतीच." मग म्हणाला, "पोरांना सांगू नकोस."

तिने सांगितलं नाही. उलट गल्लीभर करून ठेवलं, की असल्या चकाकत्या कामाला आमचे हे हात लावत नाहीत. लेक ते ऐकतच मोठा झाला.

आता तिथं बसून त्यांना दोन्ही गोष्टी एकदम राखायच्या होत्या: नवऱ्याचा शब्द आणि नवऱ्याचे घोडे. शब्द राखला तर घोडे बिनआयाळीचे, नाहीतर भंगारात. घोडे राखायचे तर तो घास हातात धरून बसलेला माणूस लेकाला दाखवायला हवा. बराच वेळ त्या जुन्या घोड्याच्या फटींत बोट घालून बसून राहिल्या. बोटाला गंज लागला. तो तसाच घेऊन त्या आत आल्या.

"ऐक," त्या लेकाला म्हणाल्या. "तुझ्या बापाला स्टेनलेस कापता येत नव्हतं."

"ते हात लावत नव्हते."

"हात लावला होता. पाटीचा लगदा केला. हात लावत नाहीत, हे माझं तोंड बोलत होतं."

लेक खुर्चीत बसला. एवढा मोठा गडी, पण चेहरा असा झाला जसं कुणी हातातलं काढून घेतलं. "बाबांना जमलं नाही?"

"तुझा बाप काही देव नव्हता. असता तर मी संसार केला नसता, दगडाशी बोलून घसा कुणी सुकवायचा? चांगला माणूस होता. लोखंडात राजा होता. हे लोखंड नाही." मग त्यांनी सुनेकडे न बघताच म्हटलं, "तू काय ते खाली उतरव. पण आधी तुकड्यावर. माझा घोडा वाया घालवलास तर बघ."

सुनेने टाकाऊ पत्र्यावर रांगेने काप घेतले, प्रत्येक कापाला फोकस थोडा आणखी खाली. मशीनच्या काळ्या काचेआड निळसर उजेड सरकत गेला. पत्रा थंड झाल्यावर तिने तो उलटा करून सासूच्या हातात दिला. आईसाहेबांनी अंगठा फिरवला. पहिला काप बाभळीच्या काट्यासारखा. दुसरा जरा कमी. पुढे नुसती खरखर. मग एके ठिकाणी अंगठा सटकला, जणू काच होती. त्यापुढे पुन्हा खरखर सुरू.

"इथं," आईसाहेब म्हणाल्या.

"इथंच," सून म्हणाली. "त्याच्या खाली गेलं की पुन्हा बिघडतं."

"म्हणजे खोल जायचं, पण बुडायचं नाही."

पहिला घोडा निघाला तेव्हा लेक स्वतःहून आला, आणि आयाळीच्या फटीत करंगळी घालून उभा राहिला. जुन्या घोड्याच्या मापाने बापाच्या खडूच्या रेघा जशाच्या तशा उतरल्या होत्या, पण कडा फार नीट होत्या. जुन्या घोड्याच्या कडेवर नवऱ्याच्या हाताची थरथर होती. कुठे तो शिंकला असेल, कुठे तिने पत्रा हलवला असेल. ह्यात कुणीच शिंकलं नव्हतं. आईसाहेबांना आनंद झाला, तरी बोट ती जुनी थरथर शोधत राहिलं.

घोडे चक्राच्या खांबांना जोडायची वेळ आली तेव्हा सुनेने लेझरची वेल्डिंगची बंदूक हातात घेतली आणि टोक सांध्यापासून चांगलं वर उचललं.

काळा चष्मा लावलेल्या आईसाहेब तिथूनच ओरडल्या, "आता वर का? मघाशी खाली खाली करत होतीस!"

"तेव्हा कापायचं होतं, आई. आता जोडायचंय. बिंदू बारीक ठेवला तर मधूनच भोक पडेल, थेंब उडतील. आणि सांध्यात फट आहे. जरा लांबून धरलं की ऊब पसरते, दोन्हीकडचं वितळून एकमेकांत जातं."

"हं. सासू-सुनेनेही असंच लांबून धरावं म्हणायचं."

"मी काही म्हटलं नाही," सून म्हणाली, आणि चष्म्याआड हसली. आईसाहेबांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. असं सोडून देणं त्यांच्या आयुष्यात फार नव्हतं.

शनिवारी साहेब आला. त्याने प्रत्येक घोड्याची पाठ, पोट, कान चाचपले. आयाळीच्या प्रत्येक फटीत बोट घातलं. आईसाहेब पदोपदी त्याच्या मागे होत्या, श्वास रोखून, पण चेहऱ्यावर असा भाव की साहेबाचंच बोट तपासायला आल्या आहेत. शेवटी त्याने दोरी सोडली आणि गुंडाळून खिशात घातली.

"कुणी केलं हे?"

"पहिल्यांदा ह्याच्या बापाने," आईसाहेब लेकाकडे बोट करून म्हणाल्या. "आता हिने."

लेकाने दांडा धरून चक्र ढकललं. जुनं बेअरिंग कुरकुरलं, मग मोकळं झालं. घोडे फिरायला लागले, पांढरे, चकचकीत, अनोळखी. आईसाहेब उभ्या राहून पाहत होत्या. हे ते नव्हते. कितीही डोळे बारीक केले तरी हे ते नव्हते. मग वेग वाढला, चकाकी पुसट झाली, कडा विरघळल्या, आणि नुसती उडणारी आयाळ उरली, एकामागून एक, दारातून वारा आल्यासारखी.

चक्र मंदावलं. घोडे पुन्हा नवे झाले.

"थांबलास का रे?" आईसाहेब म्हणाल्या. "ढकल. जोरात ढकल."