मास्तरांनी तपासलेले फॉर्म

"ही पाचावरची खूण माझी नाही," नर्स म्हणाली आणि तिने फॉर्म वडिलांपुढे टेबलावर आपटला.

पप्पांनी चष्मा वर सरकवला. वय एक्क्याऐंशी, त्यातली चाळीस वर्षं चर्चच्या संडे स्कूलचे मास्तर. लहानपणी घरात धर्म कसा शिकवला आणि आज माणसं जवळ आली की कसं वाटतं, हे मोजायला विद्यापीठातली एक बाई चर्चमध्ये फॉर्म घेऊन आली होती. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी खरं. नाव लिहायचं नाही. त्या शहाणीने पेन्सिली वाटल्या आणि फॉर्म गोळा करायचं काम मास्तरांकडे दिलं. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या! मास्तरांनी छत्तीसच्या छत्तीस फॉर्म तपासले आणि खोडरबर घेऊन सगळ्यांच्या 'चुका' सुधारल्या, त्यात मुलीच्याही.

नर्सने वाक्य वाचून दाखवलं. "'चूक झाली तरी आईवडील जवळ घेतील, अशी खात्री वाटायची.' मी एकावर खूण केली होती, पप्पा."

"मग चुकीचं केलं होतंस. आम्ही जवळ घेत नव्हतो?"

"घेत होता. वचन पाठ झालं की. बायबलमधला एक शब्द चुकला तर सगळ्यांची जेवणं होईपर्यंत भिंतीकडे तोंड. सात वर्षांची होते मी."

"म्हणून तर आज शंभर वचनं येतात तुला."

"येतात ना. आणि नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला की आपलं काय चुकलं ते आठवत बसते."

वॉर्डात पेशंटच्या शिव्या हसत झेलणारी या बाईचा आवाज आज चढला होता. पन्नाशीत पहिल्यांदा खरं बोलली होती, तेही निनावी. म्हाताऱ्याने तेवढंही राहू दिलं नाही.

तिने गठ्ठ्याखालचा एक कोरा फॉर्म ओढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "आता तुमचा भरा. माझ्यासमोर."

ते वाक्य आलं तसे पप्पा थांबले. "माझे वडील फार कडक होते गं."

"ते नाही विचारलं. आकडा सांगा."

बराच वेळ पेन्सिल कागदावर टेकलीच नाही. मग त्यांनी घाईघाईने पाचावर खूण केली आणि मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.