अठरा मिलिमीटर कललेलं स्मारक

मित्रांनो, मी एक जुनं विटांचं स्मारक आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराच्या बाहेर, हमरस्त्याच्या कडेला माझी जागा. ट्रक गेला की माझं अंग हादरतं. स्वस्थपणा मला ठाऊक नाही.

महायुद्ध संपल्यावर पडलेल्या घरांचे ढिगारे उपसायला ज्या बायका सर्वांत आधी उतरल्या, त्यांची मी आठवण. हातोडीने जुना चुना झाडायचा आणि वीट न फोडता मोकळी करायची, हे त्यांचं काम. १९५३ साली त्याच विटा रचून त्यांनी मला बांधलं. विटा त्यांना कळत होत्या, पाया कळत नव्हता. मला त्यांनी ढिगाऱ्याच्या भरावावरच उभं केलं!

सुरुवातीला फुलं आली, भाषणं झाली. मग मोटारी वाढल्या आणि थांबणारे कमी झाले. १९६१ साली नगरपालिकेचं पत्र आलं : स्मारक कलतंय, उचलून गोदामात ठेवू.

त्या बायकांची मुकादम फ्राऊ इल्झे, म्हणजे इल्झेबाई. तिच्या घरी पुण्याची सुलेखा भाड्याने राहत होती. तंत्रविद्यापीठात इमारतींच्या पायांवर संशोधन करायची.

"पोरी, ते कलत नाही, एवढं नगरपालिकेला लिहून दे," इल्झे म्हणाली.

"आधी मोजते," सुलेखा म्हणाली.

दर रविवारी ती मला ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावी. तिचा सहाध्यायी दिनकर वही धरून उभा असे, थंडी पडल्यावर कुडकुडत. "लोक चर्चमध्ये जातात, आपण विटांची नाडी बघतो!"

"दिनकर, तुझ्या श्वासाने दोरी हलतेय. आकडा लिही."

ऑगस्टमध्ये अकरा मिलिमीटर, ऑक्टोबरमध्ये चौदा, डिसेंबरमध्ये अठरा. हिने एकदा तरी चुकावं, असं मला वाटे. ती चुकली नाही.

"कलतंय, फ्राऊ इल्झे. खोटं नाही लिहिणार मी."

इल्झेने वहीतले आकडे बोट ठेवून एकेक वाचले. मग म्हणाली, "तर मग आम्हीच उतरवतो, आम्हीच पुन्हा रचतो. खाली काय घालायचं ते तू सांग."

नगरपालिकेने महिन्याची मुदत दिली. मार्चमध्ये त्या बायकांपैकी अकरा जणी, आता पिकल्या केसांच्या, हातोड्या घेऊन आल्या. एकेक वीट सुटताना मला फार भीती वाटली. सुलेखाने पक्की जमीन लागेपर्यंत खणायला लावलं. खड्ड्यातून एक आजी दिनकरवर ओरडली, "वही पुरे, फावडं घे!"

तिथून पक्का पाया भरून त्यांनी मला पुन्हा रचलं; आता मी सरळ आहे. तरी ट्रक आला की धास्तावतंच मन. मित्रांनो, फुलं वाहाल तेव्हा वाकून माझ्या पायाकडेही बघा. भेग दिसली, तर माझ्यावरच्या प्रेमापोटी ती लपवू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.