सकाळी सहाचा टँकर

"हे बघा काका, चिंच बंद केली मंगळवारी, डोकं उठलं बुधवारी. म्हंजे चिंच निर्दोष." नागप्पाने वही माझ्यापुढे धरली.

"मग फाशी कुणाला?"

"आज शेंगदाण्याचा नंबर हाय."

नागप्पा माझा शेजारी, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून. लातूर जिल्हा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि पाऊस बहुधा जुन्या जिल्ह्यातच राहून गेला होता. त्याच्या बायकोला, उमादेवीला, अर्धशिशी. डावं कपाळ उठलं की ती फडकं बांधून अंधारात पडे. तांब्या वाजला तरी उलटी होई. आमच्या गल्लीने तिच्या ताटातून एकेक जिन्नस उठवला. चिंच गेली, ताक गेलं, वांगं, गूळ, लोणचं. शेवटी भाकरी आणि मीठ उरलं, त्यातल्या मिठावरही समोरच्या नीलाबाईचा डोळा होता. मी शेळीचं दूध सुचवलं. ही शेळी एका बेगमेची अर्धशिशी बरी करून आलीय, असं शपथेवर सांगितलं. शेळी परवाच्या बाजारातली होती.

अखेर उदगीरची डॉक्टरीण. तिने वही मिटली आणि विचारलं, "सकाळी पहिला घास कधी?"

"पूजा झाल्यावर."

"पूजा कधी?"

"टँकर आल्यावर," उमादेवी म्हणाली.

गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तिच्या पोटात चहासुद्धा जात नसे. पूजेला पाणी ताजंच हवं. आणि टँकर भरायची विहीर पंधरा मैलांवर गेल्यापासून टँकर येई बारा-एकला. ती उपाशी म्हणून नागप्पाही उपाशीच कचेरीत जाई.

"खाण्यानं न्हाई, उपाशी राहून दुखतंय," डॉक्टरीण म्हणाली. "सातच्या आत जेवा. चिंचसुद्धा खा."

वर्षभराचा तपास, आणि चोर निघाला टँकर!

तिच्या गुरूंनी, जंगमस्वामींनी, रांजणातलं शिळं पाणी चालेल म्हणून सांगितलं. उमादेवी म्हणाली, "स्वामींना चालतंय. माझा हात धजत न्हाई. बहात्तरच्या दुष्काळातबी सासूबाईंनी देवाला शिळं पाणी घातलं न्हाई."

टँकरचं वेळापत्रक नागप्पाच लिही. त्याने आमच्या गल्लीच्या नावापुढे 'सकाळी सहा' असं टंकून, शिक्का मारून आणलं. टँकर बाराला आला.

"विहिरीला शिक्का कळत न्हाई, काका," तो म्हणाला. मग हळूच, "तुम्ही जन्मभर थापा मारल्या. एक माझ्यासाठी मारा की."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बोंब ठोकली, "टँकर आला!" गल्लीला आधीच पढवलं होतं. घागरी वाजल्या, नीलाबाई नंबरावरून भांडलीसुद्धा. नागप्पाने माझ्या रांजणातल्या दोन घागरी दमत दमत घरात नेल्या. दुपारी खरा टँकर आला, तेव्हा ड्रायव्हरला कुणी हॉर्न वाजवू दिला नाही. असं तीन दिवस चाललं. नागप्पा जेवून, गुणगुणत कचेरीत जाऊ लागला.

तिसऱ्या दिवशी नागप्पा कचेरीत गेल्यावर मी परसात गेलो, तर उमादेवी माझ्या देवणी गाईला भाकरी भरवत होती. कपाळाला फडकं.

"काका, टँकरच्या पाण्याला लोखंडाचा वास असतोय. ह्याला तुमच्या रांजणातल्या वाळ्याचा आला."

"पहिल्याच दिवशी?"

"हाव. पूजा दुपारीच करते, खरं पाणी आल्यावर."

"मग हे नाटक कशाला, सूनबाई?"

"मी जेवले असं वाटतंय म्हणून हे जेवून जातात. सांगू नका त्यांना."

संध्याकाळी नागप्पा वही घेऊन आला. "तीन दिवस डोकं न्हाई, काका! शेंगदाणाबी सुटला. तुमची थाप लई कामाची निघाली."

मी "हाव" म्हणालो. उभ्या जन्मात एवढी लहान थाप मी कधी मारली नव्हती.

भिंतीपलीकडे उमादेवी भांडी लावत होती. एकाही भांड्याचा आवाज येत नव्हता.