दुकान वाढवायचंय

“कमळ्या, दिवेलागण झाली रे. वाढव आता.”

हा आवाज मी पाच वर्षांची असताना ऐकला. पनवेलच्या बाजारातलं दोरांचं दुकान, गल्ल्याशेजारी पाटावर बसलेली म्हातारी, आणि बाबांच्या हातात झोपाळ्याचा नवा दोर. वाटेत मी विचारलं, “बाबा, दुकान किती वाढेल?” बाबांचं लक्ष नव्हतं. म्हणाले, “खूप.” त्या रात्री झोपेत ते दुकान भोपळ्याच्या वेलासारखं वाढत राहिलं, पार कौलांवर चढलं.

मग आम्ही खारघरच्या टॉवरात राहायला गेलो, इंग्रजी शाळा सुरू झाली, आणि तो वेल कधी सुकला ते कळलंच नाही.

पंधरा वर्षांनी कॉलेजने उपक्रम काढला. दोघादोघांनी सहा आठवडे एकेका व्यापाऱ्याच्या दुकानात बसायचं, धंदा शिकायचा, आणि शेवटी बाजारातल्या व्यापाऱ्यांसमोर उभं राहून त्या दुकानाने पुढे काय करावं ते मांडायचं. मला आणि माझी वर्गमैत्रीण यूम्नाला नेमकं तेच दुकान मिळालं. म्हातारी नव्हती. तिचा कमळ्या आता साठी ओलांडलेला कमलाकरकाका झाला होता.

काका बोलायचे थोडं, शिकवायचे फार. “दोर डोळ्यांनी बघू नकोस रेवा, तळव्याने बघ. आणि गिऱ्हाइकाला ‘किती हात?’ नंतर विचार, आधी ‘कशाला?’ विचार. विहिरीचा वेगळा, होडीचा वेगळा, पाळण्याचा वेगळा. मागेल ते देतो तो दुकानदार. लागेल ते देतो तो व्यापारी.”

मागच्या पडवीत काशीरामदादा बसायचे. ओवे गावचे. तीस वर्षं ते तिथे काथ्याचा दोर वळत होते. वळताना आईची ओवी गुणगुणायचे:

पिळावर पीळ चढे, काथ्याचा गं दोर,
लेक चालली सासरी, गाठीत माहेर.

सहाव्या आठवड्यातला सोमवार. यूम्ना मामेबहिणीच्या निकाहाला उरणला गेली होती. मी एकटीच वही घेऊन काकांसमोर बसले. “काका, पुढचं काय ठरवलंय?”

काकांनी बोटं चोळली. सांधे सुजले होते. “दिवाळी झाली की दुकान वाढवायचं ठरवलंय.”

“अय्या! काशीरामदादांना सांगितलंत?”

“नाही अजून. सांगेन.”

मी वहीत ‘विस्तार’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. काका गिऱ्हाइकाकडे वळले तशी मी पडवीत धावले. काकांचंच वाक्य जसंच्या तसं दादांना सांगितलं असतं, तर त्यांना ते बरोबर कळलं असतं. पण मी हुशारी केली. “दादा, दुकान मोठं होणार! खारघरला शाखा निघणार!”

ती शाखा फक्त माझ्या वहीत निघाली होती.

दादांचे हात थांबले. “खरं बोलतंस पोरी? देवानंच धाडली तुला. त्या कोन गावच्या नर्सरीवाल्याला माळी पायजे. शुक्रवारपर्यंत सांग बोललाय. आता त्याला नाय सांगतो. आमी या पडवीतलं मानूस, झाडाला पानी काय घालनार?”

बुधवारी यूम्ना आली. माझी शाखेची स्लाइड बघून आणि ‘काका दुकान वाढवणार आहेत’ हे ऐकून ती आधी खोखो हसली. “या अल्लाह! अगं येडे, दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं! अब्बा रोज संध्याकाळी म्हणतात, चलो, दुकान बढ़ा दो. धंद्यात ‘बंद’ कोणी म्हणतं का? मनहूस लागतं ते.”

“पण ते दिवाळीनंतरचं म्हणाले.”

यूम्नाचं हसू मावळलं. “मग कायमचं वाढवणार असतील.”

मी तशीच काकांकडे गेले आणि विचारलं, दुकान कायमचं बंद होणार का? काकांनी हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाले, “मला वाटलं, तुला कळलं. शाखा शाखा करत होतीस, म्हटलं कॉलेजचं काहीतरी असेल.”

“दादांना कोनच्या नर्सरीत काम मिळतंय, त्याला ते नाही म्हणणार आहेत, काका. माझ्यामुळे.”

काकांनी पडवीकडे पाहिलं. “‘बंद’ शब्द आईने कधी तोंडात येऊ दिला नाही. आणि ‘वाढवतोय’ म्हटलं, तर काशीराम रोजचंच समजून फळ्या लावायला उठतो. दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा फळ्या लावून घरी गेला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मीच सांगेन. तू मध्ये पडू नकोस. शब्द दे.”

मी शब्द दिला.

तो पाळणं काही कठीण नव्हतं. शनिवारी व्यापाऱ्यांसमोर बोलायचं होतं, आणि कॉलेजच्या सरांनी आमची शाखेची कल्पना वर्गात सगळ्यात उजवी ठरवली होती. शब्द काकांना दिला हे खरं, पण तो मला सोयीचा होता हेही खरं. यूम्ना सारखी विचारायची, “बोललीस?” मी म्हणायचे, “काका बोलतील.” काका दोर मोजायचे, चुकायचे, पुन्हा मोजायचे.

गुरुवारी दादांनी माझ्यासाठी परसातल्या काकड्या आणल्या. “सुनेला सांगितलंय, तुझं पन काम हाय शाखेत. झाडलोट कर, गिऱ्हाइकाला पानी दे. पोरगी कालपासून नाचतेय.” मी काकडी घेतली. न खाताच पिशवीत टाकली. पडवीच्या दारात काका उभे होते, ते ऐकून मागच्या मागे फिरले.

शुक्रवारी दुपारी दादा हात पुसत माझ्याजवळ आले आणि जुना फोन माझ्यापुढे धरला. “पोरी, मला चष्म्याबिगर दिसत नाय. नर्सरीवाला हुडक आन लावून दे. एकदाचं नाय बोलून मोकला होतो.”

नाव सापडलं. अंगठा त्यावर थांबला. पुढे गल्ल्यावर काकांची पाठ दिसत होती. ते ऐकत होते, वळत नव्हते.

“लाव ना. काय बगतंस?”

मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“दादा, त्यांना नाही म्हणू नका. दिवाळीनंतर हे दुकान बंद होणार आहे. काकांनी मला तेच सांगितलं होतं, मीच उलटं ऐकलं. आणि मला हे बुधवारपासून माहीत आहे.”