आक्काला समुद्र दाखवणारी खुर्ची

मित्रांनो, मी चाकांची एक जुनी खुर्ची आहे. कोल्हापूरजवळच्या वडणगे गावात, एका घराच्या गच्चीवर मी पडून असते. माझ्या मांडीवर आता तुळशीच्या रिकाम्या कुंड्या आहेत.

लोखंडी नळ्या वाकवून, त्यावर निळं रेक्झिन ताणून मला एका कारखान्यात घडवलं. या घरातली म्हातारी आक्का गोठ्यात म्हशीच्या पायाशी घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिचा मुलगा विजयसिंह मला घरी घेऊन आला. पहिल्या वर्षी माझं कोण कौतुक! विजयसिंह स्वतः माझ्या चाकांना तेल घालायचा. रविवारी आक्काला माझ्यात बसवून रंकाळ्यावर फिरवायचा. येणारेजाणारे म्हणायचे, लेक असावा तर असा. आक्का ऐकून मान खाली घालायची आणि माझे हात घट्ट धरायची. तिचा आनंद मला तिच्या तळहातांतून कळायचा.

पुढे रविवार संपले. माझा डाव्या बाजूचा ब्रेक सैल झाला. आक्काने तो दुरुस्त करायला सांगितलं, की विजयसिंह उद्यावर ढकलायचा. मग तिने सांगणंच सोडलं.

अशात घरात अंदमानची सहल ठरली. जाताना मोठ्या प्रवासी बोटीने जायचं आणि आक्कालाही न्यायचं. आक्काने ही गोष्ट गल्लीत घरोघर पोहोचवली. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून ती सांगायची, "पोरगं मला समुद्र दावायला न्हेतंय."

बोटीवरचा पहिला दिवस शांत गेला. आक्का काचेला कपाळ लावून पाणी बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं आणि बोट डाव्या-उजव्या कुशीवर कलंडू लागली. ताटं, बॅगा, चपला जमिनीवरून घरंगळू लागल्या. माणसं पिशव्या तोंडाशी धरून ओकत होती. एका खलाशाने विजयसिंहला बजावलं, म्हातारीला बिछान्यावर झोपवा, खुर्ची घडी करून ठेवा. पण विजयसिंहची बायको संयोगिता डोकं वर उचलत नव्हती आणि त्यालाही मळमळत होतं. दोघांनी उचलल्याशिवाय आक्का हलायची नाही. त्याने मला लांबलचक बोळात भिंतीशी लावलं, दोन्ही ब्रेक ओढले आणि तो खोलीत जाऊन आडवा झाला.

पुढच्या लाटेला माझा डावा ब्रेक सुटला. मी गर्रकन फिरले आणि आक्कासकट समोरच्या भिंतीवर आदळले. बोट दुसऱ्या कुशीवर कलंडली, तशी परत मागे. दारांत उभी असलेली काही माणसं हसली. आक्काचा नातू ऋतुराज, कॉलेजात शिकणारा, मोबाइल धरून उभा होता. "आज्जी, हिकडं बघ," तो म्हणाला. आक्काने खरंच बघितलं.

"विजू, ये रं, मला धर," ती हाका मारू लागली. बऱ्याच हाकांनंतर विजयसिंह चौकटीला धरून दारात आला.

"घरात तुला बघायला कोण न्हवतं म्हणून आणलीया," तो म्हणाला. "जरा गप बस की."

आणि तो आत गेला.

तेवढ्यात मोठी लाट आली. मला थांबवायला तिने हात चाकावर ठेवला. मी भिंतीलगतच्या लोखंडी कठड्यावर आपटले आणि तिची बोटं माझ्या चाकात आणि कठड्यात चेंगरली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मित्रांनो, ते माझंच चाक होतं.

तेव्हा निपाणीकडची रत्नव्वा नावाची एक परकी बाई रांगत आली. तिचं स्वतःचं लुगडं ओकारीने भरलं होतं. ती जमिनीवर बसली, भिंतीला पाय रोवले आणि माझं चाक पोटाशी आवळून धरलं. "आक्का, मी धरलंय. तुम्ही डोळं मिटा," ती म्हणाली. समुद्र निवळेपर्यंत तिने मला सोडलं नाही.

आम्ही परतलो, त्याआधीच ऋतुराजचा व्हिडिओ गावात पोहोचला होता. हाताला प्लास्टर घालून बसलेल्या आक्काला शेजारणीने तो दाखवला. आक्काने तो शेवटपर्यंत बघितला. संध्याकाळी तिने ऋतुराजला जवळ बोलावलं.

"ह्यात मी विजूला हाका मारत्या, तेवढा आवाज काढून टाक बाबा," ती हळूच म्हणाली. "लोक त्याला नावं ठेवतील."

"आवाजामुळंच तर लोक बघाय लागल्यात, आज्जी," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

त्यानंतर आक्का माझ्यात कधी बसली नाही. कुठं जायचंच नाही म्हणाली. मला गच्चीवर टाकलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी खुर्ची असेल. तिचा ब्रेक आजच तपासा. आणि तिच्यात बसलेलं माणूस हाक मारील, तेव्हा उठून जा. फार काही करावं लागत नाही. नुसतं धरावं लागतं.