उशी चावते म्हणे

सकाळी नऊ वाजता वक्तृत्वाचे क्लास घेणाऱ्या सरांनी कुत्री परत केली. लाँड्रीवालीच्या हातात पट्टा दिला, "चावते," एवढंच म्हणाले आणि चालूच ठेवलेल्या गाडीत जाऊन बसले.

कुत्री चावत नाही. रस्त्यावर गाडीखाली येता येता वाचलेली ही तपकिरी कुत्री लाँड्रीवालीने उचलून आणली होती. माणूस दिसला की ती त्याच्या पायांवर सगळा भार टाकून उभी राहते आणि गुडघ्यावर डोकं ठेवते. म्हणून नाव उशी. इस्त्रीचे कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं अंगावरच्या कपड्यांवर तिचे केस घेऊन जातात, तक्रार कुणी करत नाही. पण दुकानाची जागा विकली गेली आहे, महिनाअखेर खाली करायची आहे, आणि लाँड्रीवाली ज्या बहिणीकडे राहते तिच्या मुलाला दमा आहे. उशीला कायमचं घर हवं होतं. ते सरांनी देऊ केलं होतं.

कारण थोर होतं. सरांचे वडील पक्षाघातातून उठले, पण बोलेनात. डॉक्टर म्हणाले, वाचा शाबूत आहे, इच्छा नाही, कुणीतरी जवळ बसत जा. बसायला वेळ कुणाला? सर जगाला बोलायला शिकवणार, सूनबाई क्लासच्या जाहिराती बघणार. तेव्हा बसायला कुत्री आणली. तिला पगार नाही, सुट्टी नाही. तिच्यासोबतचा सरांचा फोटो क्लासच्या दारात लागला, खाली ठळक अक्षरांत 'संवेदना'.

कुत्री सोफा कुरतडेल म्हणून वडिलांच्या खोलीत कॅमेरा बसवला. सोफ्याला काही झालं नाही. एका दुपारी शिकवता शिकवता सरांना मोबाइलवर दिसलं, वडील कुत्रीशी बोलत आहेत.

दुसरा कुणी असता तर घरी धावला असता. सरांनी आवाज वाढवला. उच्चार सुटे, विराम जागच्या जागी. सरांना भरून आलं ते त्यामुळे. त्यांनी परगावच्या बहिणीला फोन लावला, सूनबाईंना आत बोलावलं, विद्यार्थ्यांना सांगितलं, ऐका, श्वास असा घ्यायचा असतो. आणि मोबाइल वर्गातल्या स्पीकरला जोडला.

"माझ्या मुलापेक्षा पोपट बरा, उशे," म्हाताऱ्याचा आवाज वर्गभर घुमला. "तो मिरचीसाठी तरी बोलतो. हा माझ्याशी बोलताना घड्याळ बघतो. सून बरी. ती काही बोलतच नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. फोनवर बहीण त्याहून मोठ्याने हसली. "दादा, बाबांचा पहिला नंबर," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता उशी चावरी ठरली.

वडील पुन्हा गप्प झाले. त्याची घरात कुणी दखल घेतली नाही. दखल उशीची घेतली गेली. सूनबाईंनी प्राणिप्रेमींच्या ग्रुपवर सावधगिरीचा संदेश टाकला, शुद्धलेखन निर्दोष. उशीला मागणारं आणखी एक घर होतं, बेकरीवाल्याचं. त्यांच्याकडे रांगतं मूल. संदेश वाचून त्यांनी कळवलं, चावणारी नको.

लाँड्रीवालीने सरांचं घर गाठलं. ग्रुपवर एक वाक्य लिहा, म्हणाली, की ती चावत नाही. सर म्हणाले, प्रत्येक जखम दिसतेच असं नाही.

"मग कुठे फाटलंय ते दाखवा. रफू मीच करते."

बोलणं ज्यांचा धंदा, त्या सरांनी दार लावून घेतलं.

रविवारी सर कुठल्याशा समारंभात बोलायला गेले होते. लाँड्रीवालीने बेकरीवाल्याला आणि त्याच्या बायकोला कसंबसं तयार केलं, उशीला घेतलं आणि तिघं सरांच्या दारात उभी राहिली. सूनबाईंनी दार उघडलं तेवढ्या फटीतून उशी आत शिरली आणि खुर्चीतल्या आजोबांच्या पायांवर भार टाकून उभी राहिली.

बेकरीवाल्याने दारातूनच विचारलं, आजोबा, ही चावते का?

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. उशीचा कान चोळत तिलाच म्हणाले, "चावायचं होतंस ना गं. या घरात तेवढं एकच काम होतं, तेही तुला जमलं नाही."

सूनबाई म्हणाल्या, त्यांचं मनावर घेऊ नका, डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. बेकरीवाल्याच्या बायकोला हसू आवरेना. बेकरीवाला हसला नाही. घरात मूल आहे, विचार करून शनिवारपर्यंत सांगतो, म्हणाला. निघताना पट्टा आजोबांच्या मुठीतून सोडवावा लागला.

आज शनिवार, जागा खाली करायचा शेवटचा दिवस. इस्त्रीचं टेबल सकाळीच टेम्पोत चढलं. बेकरीवाल्याचा फोन दुपारपर्यंत आलेला नाही. सूनबाईंचा संदेश ग्रुपवर तसाच आहे, आणि वेळेवर सावध केल्याबद्दल लोक अजून त्यांचे आभार मानत आहेत.