गुरुवारचा टोल

निरुपमाताई चित्र्यांच्या गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला तो गुरुवारी, आणि शनिवारी सकाळी दुकान उघडायच्याही आधी त्या तरसालीला हर्षदभाई काचवाल्याच्या दारात हजर होत्या. मधला अख्खा शुक्रवार त्यांनी गाडीवर जुनी चादर टाकून काढला होता. खरं तर बडोद्यातल्या अकोट्याच्या सोसायटीत त्यांच्या बैठ्या टेनामेंटसमोरून दूधवाला आणि कचऱ्याची गाडी सोडली तर कोणी जात नसे, आणि जाणाऱ्यांना चित्रेबाईंच्या काचेचं सोयरसुतकही नव्हतं. पण एकदा लपवायचं ठरवलं की सगळं जग आपल्याच फाटकाकडे डोळे लावून बसलंय असं वाटू लागतं. चादर उडू नये म्हणून ताईंनी तिच्यावर कुंड्यांखालच्या दोन विटासुद्धा ठेवल्या होत्या.

लपवायचं होतं ते एकाच माणसापासून, आणि तो माणूस बंगळूरला होता. त्यांचा मुलगा आनंद.

गाडी घेतली होती दत्तात्रेयांनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी. ते गेल्यावर आनंदनं ती आपल्या नावावर करून घेतली. पुढे कागदपत्रांची कटकट नको, एवढाच त्यात हेतू. त्याच ओघात विमा, सर्व्हिसिंग, टोलचा टॅग, सगळ्याला त्याचाच मोबाइल नंबर लागला. मग दोन वर्षांपूर्वी ताईंनी फाटकातून गाडी काढताना खांबाला घासली. त्या भाबडेपणानं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या आणि रिक्षानं घरी पोचतात न पोचतात तोच बंगळूरहून फोन. वर्कशॉपनं गाडी जमा झाल्याचा मेसेज मालकाला पाठवला होता ना! आनंद त्या दिवशी चांगलाच तापला. "आई, तुझं वय काय, नजर काय! गावातल्या गावात ठीक आहे, पण हायवेवर पाय ठेवायचा नाही. आणि पुन्हा काही झालं तर मी सरळ गाडी विकून टाकणार. रिक्षा आहेत, ओला आहे."

ताई हो म्हणाल्या. प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला साहेबाला हो कसं म्हणायचं आणि नंतर आपल्याला हवं ते कसं करायचं, हे शिकवावं लागत नाही.

हायवेवर त्या गेल्याच. आधी एकदा, घाबरत घाबरत. मग गेलं दीड वर्ष दर गुरुवारी. तरसालीवरून बाहेर पडायचं, करजणचा टोल ओलांडायचा, पुढे एक मोठं हॉटेल होतं तिथे चहा आणि मेथीचे गोटे, म्हणजे गोल भजी, घ्यायचे, तासभर बसायचं आणि परत. यात पाहण्यासारखं काही नव्हतं. गोटेही बडोद्यात याहून बरे मिळतात. पण घरी संध्याकाळी एकट्यानं चहा प्यायला बसलं की कप खाली ठेवल्याचा आवाज उगाच मोठा वाटायचा, आणि देवळात किंवा बागेत एकटं बसलं की ओळखीच्या बायका मान तिरकी करून "एकट्याच का?" म्हणायच्या. हायवेच्या हॉटेलात तसं नव्हतं. तिथला प्रत्येक माणूस कुठूनतरी कुठेतरी निघालेला. बसा भरभरून माणसं उतरत, पोरं रडत, कोणी सुरतला लग्नाला चाललेलं, कोणी अहमदाबादला दवाखान्यात. त्यात ताई बसल्या म्हणजे त्याही कुठेतरी निघालेल्या वाटत. तो एक तास त्यांना कोणाची कीव झेलावी लागत नसे, आणि त्या तासावर त्या आठवडा काढत.

या गुरुवारी परतताना पुढच्या डंपरमधून खडी उडाली. टक् आवाज झाला, काचेवर तांदळाएवढा डाग पडला, आणि घर येईपर्यंत त्यातून निघालेली चीर डाव्या टोकाला जाऊन भिडली. काचेचं काय, काच मिळेल. गाडी गेली तर गुरुवार जाणार होता.

म्हणूनच त्या हर्षदभाईकडे आल्या. कंपनीच्या वर्कशॉपचं नाव काढायची सोय नव्हती, आणि विम्यातून करावं तर तिथेही आनंदचाच नंबर.

"आवो मासी, बेसो," हर्षदभाई म्हणाला. पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा, बोलघेवडा माणूस. ताई गुजरातीत बोलू लागल्या की बडोद्यातल्या सगळ्या मराठी बायकांसारख्या इथल्याच होऊन जात, त्यामुळे दोघांचं सूत लगेच जमलं. "कंपनीनो काच नथी, पण माल सारो छे," त्यानं आधीच सांगून टाकलं. काच दुसऱ्या कारखान्याची, मापात तंतोतंत, कोपऱ्यात गाडीच्या कंपनीचा मार्का तेवढा नसणार.

"लगेच ओळखू येईल?" ताईंनी विचारलं.

"कोणाला?"

"मुलाला. दिवाळीत येतो."

हर्षदभाई हसला. "मासी, लोक गाडीच्या काचेतून बघतात. काचेकडे कोण बघतं?"

ताईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी त्याला सगळंच सांगितलं. खांब, वर्कशॉपचा मेसेज, हायवेची बंदी, डंपर. अनोळखी माणसाला माणूस किती भराभर सांगतो! शेजारच्या मंदाबाईंना इतक्या वर्षांत जे कळलं नव्हतं ते काचवाल्याला पहिल्या चहात कळलं. आणि सांगताना ताईंच्या आवाजात तक्रारीपेक्षा तोराच जास्त होता, हेही त्याच्या ध्यानात आलं असावं. "फार कडक आहे माझा मुलगा. सगळीकडे लक्ष असतं त्याचं," त्या म्हणाल्या.

कारागिरानं वायपर उतरवले, काचेच्या कडेनं तार घातली आणि ती पुढेमागे ओढत जुना चिकटा कापला. दोघांनी मिळून काच उचलली. पुढची काच नसलेली आपली गाडी ताईंना बघवेना. त्या दुसरीकडे बघत बसल्या. नवी काच रबरी पकडींनी धरून काळ्या चिकट्यावर अलगद टेकवली गेली, वर पट्ट्या मारल्या गेल्या, आणि हर्षदभाईनं बजावलं की चिकटा धरेपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, गाडी हलवायची नाही आणि दार जोरात आपटायचं नाही. ताईंना कुठे जायचं होतं? त्यांनी पिशवीतून डबा काढला.

जुनी काच भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्यावरचा टोलचा टॅग खरवडायला गेलं की तो उभा फाटतोच, चोरून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून तसा बनवलेलाच असतो. हर्षदभाई फाटका तुकडा घेऊन आला.

"टॅग तो गयो, मासी. नवा काढावा लागेल. मीच काढून देतो."

"काढा की."

त्यानं मोबाइलवर गाडीचा नंबर घातला. "हा तर मुलाच्या नंबरवर आहे. जुना बंद करायचा तर ओटीपी त्याच्याकडे जाणार." मग काहीतरी आठवून त्यानं मान वर केली. "पण मासी, तुम्ही तर म्हणता त्याला हायवेचं माहीत नाही."

"नाहीच माहीत."

"असं कसं? टोलवर पैसे कापले की मेसेज जातो ना. ज्याचा नंबर त्याला. जाताना एक, येताना एक. नाक्याच्या नावासकट."

ताईंच्या हातातला घास हातातच राहिला.

दर गुरुवारी? दीड वर्षं? म्हणजे त्या चोरपावलांनी टोल ओलांडत होत्या आणि टोलनाका प्रत्येक वेळी बंगळूरला वर्दी देत होता! लाजेनं त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गुरुवारी रात्री आनंदचा फोन आला की तो विचारायचा, "आज काय केलंस?" आणि त्या सांगायच्या, "काही नाही रे, मेथी निवडली." तो हसायचा.

हसायचा! त्या हसण्यापाशी ताई थांबल्या. मेथी निवडण्यात हसण्यासारखं काय असतं? त्याला माहीत होतं. दीड वर्षं माहीत होतं, आणि त्यानं एका शब्दानं टोकलं नव्हतं. रागावून बंदी घातलेला मुलगा दर गुरुवारी मेसेज वाचत होता, आई करजणपर्यंत गेली, आई सुखरूप परत आली, असं मनाशी म्हणत होता आणि गप्प बसत होता. परतीचा मेसेज येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागत असेल. म्हणूनच रात्री फोन करत असेल. ताईंना एकदम भरून आलं. त्या स्वतःला हॉटेलात एकट्या समजत होत्या, आणि तिथे प्रत्येक गुरुवारी लेक जणू समोरच्या खुर्चीवर बसलेला होता.

"राहू दे ना टॅग," हर्षदभाई त्यांचा चेहरा बघून हळूच म्हणाला. "टोलवर रोख द्या. दुप्पट पडतील, पण कोणाला मेसेज नाही, ओटीपी नाही. मुलाला काच बदलल्याचंही कळायचं नाही."

सुटकेचा रस्ता समोर होता. सकाळी असता तर ताईंनी तो दोन्ही हातांनी धरला असता. आता मात्र त्यांना लपायचं नव्हतं. रागावू दे, गाडी विकतो म्हणू दे, पण एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की हो आई, मला माहीत होतं.

"पाठवा ओटीपी," त्या म्हणाल्या आणि फोन घेऊन शटरच्या बाहेर गेल्या.

आनंदनं तिसऱ्या रिंगला उचलला. मागे कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं. "बोल आई, पटकन."

"तुझ्याकडे एक ओटीपी आलाय बघ."

"थांब... हां. घे लिहून." त्यानं आकडे वाचले. कशासाठी, कुठे आहेस, काहीच विचारलं नाही. सकाळी त्याचा फोन आलाच तर म्हणून ताईंनी रचून ठेवलेल्या दोन थापांची गरजच पडली नाही.

"आनंद, टोलच्या टॅगचा आहे तो. टोलचे मेसेज येतात ना रे तुला?"

"येत असतील. असले मेसेज हजारो पडलेत, बँकेचे, विम्याचे. मी ते सगळं म्यूट करून टाकलंय, कोण वाचत बसणार! टॅगचे पैसेही खात्यातून आपोआप भरले जातात. का गं, पैसे जास्त कापले का?"

"नाही, तसं नाही." अजूनही थांबता आलं असतं. "मी दर गुरुवारी करजणपर्यंत जाते. हायवेनं. एकटी."

"अरे वा! छान की. जात जा. घरात बसून तरी काय करणार तू."

"तूच म्हणाला होतास, हायवेवर पाय ठेवायचा नाही. नाहीतर गाडी विकून टाकीन."

"मी?" तो खरोखरच आठवू लागला. "कधी? काहीतरीच काय आई. असं कशाला म्हणेन मी... येस, येस, आय ॲम हिअर. आई, ठेवतो हं. नीट जा."

फोन बंद झाला. समोरून मकरपुऱ्याकडे ट्रकमागून ट्रक जात होते. गाडी वाचली होती. गुरुवारही वाचला होता. कोणी तो हिरावून घेणार नव्हतं, कारण त्यावर कोणाचा डोळाच नव्हता. दोन वर्षं त्या ज्या धाकात राहिल्या तो धाक घालणाराच विसरून गेला होता, आणि त्या आपल्या बिचाऱ्या चादरीवर विटा ठेवत बसल्या होत्या! त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. तो वाईट मुलगा नव्हता. महिन्याला पैसे पाठवायचा, आजारपणात धावून यायचा. पण बंगळूरहून आपल्यावर नजर आहे, ही जी एक गोष्ट ताईंनी एवढी भीतभीत जपली होती, ती मुळात नव्हतीच. त्यांनी पदरानं डोळे नीट कोरडे केले आणि आत आल्या.

हर्षदभाईनं आकडे घातले. नवा टॅग काचेवर आतून चिकटवला, बोटानं दाबून कडा बसवल्या. सगळं उरकल्यावर त्यानं हळूच विचारलं, "केम मासी, छोकरो वढ्यो?" मुलगा रागावला का, असं. त्याच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती.

ताईंनी पर्स उघडली, बंद केली.

"हो. खूप रागावला," त्या म्हणाल्या. "इतके प्रश्न विचारले! सोबत कोण असतं, पाणी नेतेस का, निघताना फोन का करत नाहीस. ऐकायलाच तयार नाही."

"विचारणारच, मासी. त्याचा जीव वरखाली होत असेल."

"होतो ना," ताई म्हणाल्या. "निघताना एक आणि पोचल्यावर एक फोन करायला सांगितलाय."

दुपारी चिकटा धरल्यावर त्या नव्या काचेमागे जाऊन बसल्या, दार आपटू न देता लावून घेतलं, आणि हर्षदभाई बघत होता म्हणून गाडी सुरू करायच्या आधी कानाला फोन लावून थोडा वेळ बोलल्या.